संध्याकाळची चांदणी आणि पळणारा तारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके खेटून आले की दुर्बिणीच्या एकाच गोलात दोघंही मावले. त्या संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावली, आणि तेव्हापासून माझा मोबाइल म्हणजे आकाशाचं चौकशी खातं झालाय. ओलिताला गेलेला माणूस रात्री दोन वाजता धुऱ्यावरून फोटो पाठवतो. काळ्या चौकोनात एक पांढरा ठिपका, आणि खाली लिहिलेलं असतं, "हे काय?" तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. फोटोऐवजी तीन गोष्टी कळवल्यात तर फार बरं होईल: दिशा कोणती, वाजले किती, आणि ते जागेवर होतं की सरकत होतं.

१. भाऊ, सांजेले पश्चिमेकडं ते मोठ्ठं चमकते, ते काय हाय?

बहुतेक वेळा शुक्र. सूर्य-चंद्र सोडले तर त्याच्याएवढा तेजस्वी ग्रह किंवा तारा दुसरा नाही. आपल्याला तो सूर्यापासून साधारण ४७ अंशांपेक्षा लांब गेलेला कधी दिसत नाही. म्हणून एक तर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला, नाही तर सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला, एवढ्याच त्याच्या जागा. पहाटेची शुक्राची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी एकच. रात्री बारा वाजता डोक्यावर काही लखलखत असेल तर तो शुक्र नव्हे. त्यासाठी प्रश्न ३ पाहा.

शुक्राची सावली पडते असं मी वाचलं होतं, पण पटत नव्हतं. एका अमावास्येच्या आसपास गावातली लाईट गेलेली असताना वेचणी झालेल्या वावरात पांढरं धोतर अंथरलं, वीसेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले आणि धोतरावर हात धरला. पाचही बोटं उमटली. पुसट होती, पण कडा चांगल्या रेखीव. सोबतचा पुतण्या आधी हसत होता, मग अर्धा तास स्वतःच्याच बोटांचे हरीण-ससे करत बसला.

२. ग्रह कोणता आणि तारा कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखायचं?

तारा लुकलुकतो, ग्रह शांत जळतो. तारे इतके लांब आहेत की ते नुसते बिंदू उरतात आणि हवेच्या हेलकाव्यात त्यांचा प्रकाश थरथरतो. ग्रह जवळ आहेत, त्यांची बारीकशी चकती असते, त्यामुळे थरथर एकमेकीत मिटून जाते. पण ही खूण क्षितिजाजवळ फसवते. मे महिन्यात दिवसभर ४५ अंशांनी भाजलेल्या जमिनीवरून पाहिलं तर खाली टेकलेला शुक्रही फडफडतो.

दुसरी खूण जास्त भरवशाची. सूर्य आणि चंद्र ज्या पट्ट्यातून जातात, त्याच पट्ट्यातून ग्रह जातात. सप्तर्षींच्या म्हातारीच्या बाजेजवळ, त्या तीन चोरांच्या आसपास, ग्रह कधीच सापडणार नाही. विदर्भ साधारण १९ ते २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून ग्रह मिथुनेच्या भागात असला की आपल्याकडे तो जवळजवळ डोक्यावरून जातो. बाजेवर उताणं पडून पाहायची सोय.

३. डोळ्यांनी किती ग्रह दिसतात? कोणता कसा ओळखावा?

पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. शुक्राचं वर सांगितलं.

गुरू शुक्राच्या खालोखाल. पांढरा, थोडा पिवळसर, आणि रात्रभरही दिसू शकतो. त्याला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं लागतात, म्हणजे वर्षाला साधारण एक रास. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ. २००३, २०१५, २०२७ हा हिशेब तिथूनच येतो.

शनी मंद आणि पिवळट. त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, एका राशीत अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी म्हणजे साडेसात. साडेसातीचा आकडा कुठून आला हे विचारणारे बरेच असतात. तो असा वेगाच्या गणितातून आलाय. बाकी त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. २०२५ ते २०२७ शनी मीन राशीत आहे. त्या भागात ठळक तारे नाहीत, त्यामुळे एकटा पडलेला पिवळा ठिपका म्हणजे तोच.

मंगळ तांबूस. दर २६ महिन्यांनी तो पृथ्वीजवळ येतो आणि झळाळतो, एरवी साध्या ताऱ्यासारखा. पुढची जवळीक फेब्रुवारी २०२७ मध्ये.

बुध बघितलेली माणसं कमी. तो सूर्यापासून फार तर २८ अंश दूर जातो. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, क्षितिजालगत, आणि समोर पळसाचं झाड नसेल तर.

४. "वीस अंश उंचीवर" म्हणजे किती? अंश मोजायचे कशाने?

मुठीने. हात सरळ ताठ धरा. मुठीची रुंदी साधारण १० अंश, करंगळीची १ अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचाच असतो, करंगळीमागे सहज लपतो. खात्री होत नसेल तर आजच करून बघा. आपल्याकडून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर दिसतो, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच गावाचा अक्षांश. एकदा ध्रुव सापडला की चारही दिशा पक्क्या होतात, आणि "घराच्या मागच्या बाजूला, लिंबाकडं" असे निरोप यायचे बंद होतात.

५. हिवाळ्यात आग्नेयेला एक तारा लाल-निळा-हिरवा होतो. तो कोणता ग्रह?

ग्रह नाही, व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली डावीकडे वाढवली की तो सापडतो. खाली असताना हवा त्याचा प्रकाश फोडते आणि रंग उधळल्यासारखे दिसतात. त्याच्याही खाली, दक्षिणेला फार तर दीड-दोन मुठी वर येणारा दुसरा ठळक तारा म्हणजे अगस्त्य. या दोघांना दर जानेवारीत कुणी तरी शुक्र ठरवतंच.

६. पश्चिमेला रोज एक ड्रोन तासन् तास उभा राहतो. चोर टेहळणी करतात म्हणतात. खरं का?

या प्रश्नावर मी हसत नाही, कारण जागलीवर एकटा बसलेल्या माणसाला अंधारात काहीही वाटू शकतं. पण हिशेब साधा आहे. ड्रोनची बॅटरी तासन् तास चालत नाही. जे रोज त्याच बाजूला दिसतं, हळूहळू खाली उतरतं आणि मावळतं, ते शुक्र. ढग त्याच्यासमोरून सरकले की ढग थांबल्यासारखे आणि "ड्रोन" पळाल्यासारखा वाटतो. एखाद्या खांबाच्या किंवा विजेच्या तारेच्या रेषेत उभं राहून दहा मिनिटं बघा. खाली सरकला आणि तिथले बाकीचे तारेही तेवढेच सरकले, की झोपायला जा.

७. लग्नाच्या तिथी काढताना "तारा डुबला" म्हणतात. तेव्हा शुक्र खरंच कुठं जातो?

सूर्याच्या झगमगाटात. तो असतो तिथेच, फक्त दिसत नाही. मुहूर्तवाले गुरू-शुक्राचा अस्त पाळतात, तो मुळात डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणातून आलेला नियम. शुक्राचं यात एक मजेदार अंग आहे. तो सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा दोन महिन्यांच्या आसपास दिसेनासा होतो. पृथ्वी आणि सूर्याच्या मधून जातो तेव्हा मात्र आठवड्याभरातच पश्चिमेचा पूर्वेला, पहाटेच्या पाळीवर हजर. ऑक्टोबर २०२६ च्या शेवटी तसंच होणार आहे. दिवाळीआधी संध्याकाळी शुक्र शोधून सापडला नाही, तर नोव्हेंबरात पहाटे उठा.

८. पंचांगात ग्रह एका राशीत आणि मोबाइलच्या अॅपवर दुसऱ्याच. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. पंचांगात राशी ३०-३० अंशांच्या समान वाट्यांच्या. अॅपमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी आखलेल्या तारकासमूहांच्या सीमा असतात आणि त्या लहानमोठ्या आहेत. कन्या ऐसपैस, कर्क आखूड. म्हणून वाट्याच्या कडेला असलेला ग्रह एकीकडे एका राशीत आणि दुसरीकडे शेजारच्या राशीत दिसतो. आकाशात पाहायला गेलात तर अॅपचा नकाशा वापरा.

९. काल एक तारा सरळ चालत गेला. विमान होतं की उपग्रह?

विमान असेल तर लाल-हिरवे दिवे आणि ठराविक ठोक्याचा पांढरा झटका दिसतो. नागपूरच्या आकाशातून देशाच्या चारही दिशांची विमानं जातात, त्यामुळे आपल्याकडे त्यांची ये-जा खूप, आणि उंचावरच्या विमानाचा आवाज दर वेळी येतोच असं नाही. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. तो सूर्याचा प्रकाश परत फेकतो, म्हणून एकसारखा, मुका, न लुकलुकता सरकतो. क्षणात चमकून विझलं तर उल्का. हळूहळू, काही सेकंदांच्या अंतराने उजळणारं आणि मंदावणारं दिसलं तर बहुधा गटांगळ्या खाणारा रॉकेटचा रिकामा टप्पा.

१०. आणि ते इतकं लख्ख चालत गेलं, ते अंतराळ स्थानकच का?

शुक्राशी स्पर्धा करील इतकं तेज, पश्चिमेच्या बाजूने येऊन पूर्वेच्या बाजूला जाणं आणि जास्तीत जास्त सहा मिनिटांचा खेळ, हे तिन्ही जुळलं तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असण्याची शक्यता मोठी. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं असेल तर ते स्थानक नव्हे.

ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. १०९ मीटर लांब आणि ७३ मीटर रुंद, म्हणजे भोवती चौकट आखली तर दोन एकराला किंचित कमी. सौर पंख्यांचा पसारा एवढा मोठा म्हणूनच ते इतकं चमकतं. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, म्हणजे नागपूर ते अमरावती वीस सेकंदांत. पहिला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला आणि नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसं कायम राहतात. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला तिथेच होते. राकेश शर्मा मात्र १९८४ मध्ये गेले ते सोव्हिएत रशियाच्या सॅल्यूत-७ वर. दोन्ही एकच समजणारे निरोप बरेच फिरतात.

आमच्या शेजारच्या आजीला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती स्लॅबवर पदर सावरत उभी राहिली, पार पूर्वेपर्यंत मान फिरवली आणि म्हणाली, "इतक्या घाईनं कुठं चालले रे हे लोक?" तिला सांगितलं की दीड तासात पृथ्वीची फेरी मारून पुन्हा येतात. "मंग घाई काऊन?"

११. ते अर्ध्या आकाशात अचानक विझलं. पडलं की काय?

पडलं नाही, सावलीत गेलं. सूर्य आपल्यासाठी मावळला तरी ४०० किलोमीटर वर ऊन असतंच. स्थानक पूर्वेकडे जाता जाता पृथ्वीच्या सावलीत शिरतं, काही सेकंदांत तांबूस होतं आणि मिटतं. पहाटे उलटं घडतं: आकाशाच्या मधोमध कुठूनसं उगवतं. याच कारणाने ते सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयाआधीच्या दीड-दोन तासांतच दिसतं. मध्यरात्री डोक्यावरून गेलं तरी काळोखात काळं.

१२. आपल्या गावातून कधी दिसेल, हे कळायचं कसं?

नासाचं 'स्पॉट द स्टेशन' किंवा 'हेव्हन्स अबव्ह' यांत गावाचं ठिकाण टाकायचं. तालुक्याचं ठिकाण टाकलं तरी चालतं, वीस-पंचवीस किलोमीटरने फारसा फरक पडत नाही. यादीत सुरुवातीची दिशा, सर्वांत जास्त उंची आणि वेळ मिळते. ४० अंशांपेक्षा जास्त उंचीचा फेरा निवडा; दहा-पंधरा अंशांचा फेरा घरांमागेच संपतो. काही दिवस लागोपाठ दिसतं, मग काही आठवडे गायब, मग पहाटेच्या बाजूला. त्यात बिघडलं काही नसतं. त्याच्या कक्षेचा कोन सूर्याच्या मानाने सरकत राहतो.

वेळ मात्र नीट वाचा. मी एकदा ५:४० पाहिलं आणि गावभर सांगितलं, "संध्याकाळी पावणेसहाच्या आत या." साठ-सत्तर माणसं जमली, आणि उजेड इतका की कबुतरंसुद्धा दाण्यावर. तो फेरा पहाटेचा होता. अजूनही बाजारात कुणी भेटलं की विचारतं, "सर, आज किती वाजता नाही दिसणार?"

१३. बातमीत म्हणाले मुंबईवरून जाणार. मग आपल्याला काय दिसणार?

दिसेल की. इतक्या उंचीवरचं काही दोन हजार किलोमीटरच्या आसपासच्या परिघातून क्षितिजावर येतं. मुंबईच्या बरोबर डोक्यावर असलेलं स्थानक त्याच क्षणी नागपूरहून पश्चिमेला साधारण २५ अंशांवर, म्हणजे अडीच मुठी वर असतं. फक्त मुंबईची वेळ जशीच्या तशी धरू नका. शिवाय विदर्भातल्या विदर्भात गडचिरोलीला सूर्य बुलढाण्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी मावळतो, म्हणून गडचिरोलीला अंधारात दिसलेला फेरा बुलढाण्याला उजेडात जाऊ शकतो.

१४. दुसरी कोणती यानं दिसतात? चांद्रयान? डिश टीव्हीचा उपग्रह?

चीनचं तियानगोंग स्थानक चांगलं दिसतं. त्याचा पहिला भाग एप्रिल २०२१ मध्ये सुटला. हबल दुर्बीणही दिसते, आणि यात आपण नशीबवान. तिची कक्षा विषुववृत्तापासून २८.५ अंशांपर्यंतच झुकते, त्यामुळे ती आपल्या डोक्यावरून जाते. लंडनच्या माणसाला ती क्षितिजावरसुद्धा येत नाही. दिसते बेताची, ध्रुवताऱ्याच्या आसपासची.

टीव्हीचे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्याने ते एका जागी उभे असतात, म्हणून तर छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही. डीडी फ्री डिशची छत्री आपल्याकडे आग्नेयेला तोंड करून असते, ती त्या उपग्रहाकडे बोट दाखवते असं समजा. चांद्रयान-३ चं लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं. ते पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही.

१५. दिव्यांची माळ सरळ रेषेत गेली, वीस-तीस तारे एकामागं एक. व्हिडिओ पण हाय.

स्टारलिंक. इंटरनेटचे उपग्रह एका रॉकेटमधून डझनावारी सोडतात. मे २०१९ मधल्या पहिल्या मोठ्या खेपेत ६० होते. सोडल्यानंतरचे काही दिवस ते आगगाडीसारखे रांगेत जातात, मग वर चढून पांगतात आणि मंद होतात. म्हणून आज दिसलेली माळ पुढच्या महिन्यात तशी दिसत नाही.

१६. २०२२ च्या पाडव्याला जे पेटत गेलं ते काय होतं? तसं काही वावरात पडलं तर?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास. विदर्भातल्या कितीतरी गावांनी ते पाहिलं: केशरी तुकड्यांचा जथा, शेपट्या सोडत, हळू आडवा जाणारा. उल्का म्हणावं तर फार सावकाश. तो चिनी रॉकेटचा वातावरणात परत शिरलेला टप्पा होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, परिसरात गोळाही सापडला. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली.

ओळखायची खूण वेळ. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. अवकाशातला भंगार माल अर्धा-एक मिनिट जळत, तुटत जातो. काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, भंगारवाल्याला तर मुळीच दाखवू नका. रॉकेटच्या टाक्यांत हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोलीस पाटलांना सांगा आणि जागा तशीच राहू द्या. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने नुकसान झालं तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. मोडलेल्या गोठ्याचे फोटो तारखेसह ठेवलेले बरे.

१७. ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार, असा मेसेज आलाय.

दर वर्षी येतो. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पलीकडे, म्हणजे फारच जवळ आला होता. दुर्बिणीतून मोठा करून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा वाटेल, असं कुणीतरी लिहिलं, आणि फिरता फिरता दुर्बीण गळून पडली. डोळ्यांना मंगळ कायम ठिपकाच. शिवाय आपल्याकडे ऑगस्टात आकाश दिसतं कुठे?

१८. दुर्बीण घ्यावी का? कोणती?

आधी १० बाय ५० ची साधी द्विनेत्री. बांबूला किंवा भिंतीला टेकवून स्थिर धरली तर गुरूशेजारी चार ठिपके ओळीत दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे हेच ते चार चंद्र; एका रात्रीत जागा बदलतात. शनीची कडी मात्र द्विनेत्रीतून नाही, त्याला पंचवीस-तीस पटीची स्थिर दुर्बीण लागते. घेण्याआधी नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण एकदा पाहून या. बाजारातल्या "५०० पट" लिहिलेल्या खेळण्यांवर पैसे जायचे वाचतील.

१९. शुक्र दिवसा दिसतो म्हणतात. खरं?

खरं, पण जागा नेमकी माहीत हवी. चंद्र त्याच्याजवळ असेल तो दिवस निवडा. २४ मार्च २०२३ ला तो चंद्रकोरीला इतका खेटला की फोटो मोबाइलभर फिरले. चंद्र दर महिन्याला प्रत्येक ग्रहाजवळून जातो, म्हणून ग्रह शिकायला तो सर्वांत चांगला वाटाड्या. दिवसा शोधताना सूर्य भिंतीआड ठेवा आणि सूर्याच्या बाजूला दुर्बीण चुकूनही वळवू नका.

२०. बघायला वावरात जावं की घरूनच?

घरून. ठळक ग्रह आणि स्थानक हायमास्टच्या उजेडातही दिसतात, त्यासाठी गच्ची पुरते. जंगलाला लागून गाव असेल तर वाघ-बिबट्याचं सांगायला नको. बाकी ठिकाणी पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही महिने मण्यार रात्रीच फिरते. ओलितासाठी जावंच लागलं तर बॅटरी पायाशी, आणि वर बघायचं असेल तेव्हा चालणं थांबवून बघा. आमच्या गावात वर बघत चालणारा एक जण थेट पाटात गेला होता. ते मीच.